कोण कोणाच्या पोटात

मिलिंद गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाला दिघीला त्याच्या घरी गेले होते. वंदना झाली, जेवणं झाली, आणि त्याच्या धाकट्या भावाने मला दोन शब्द बोलायला सांगितले. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मिलिंद फार हुशार होता. आकृतीत गटांच्या आत गट करून त्यांच्या घड्या घालायची सोय त्याने लिहिली. तसं काम आमच्याकडे दुसऱ्या कोणाला जमलं नसतं." एवढं बोलून बसले. सगळ्यांनी आदराने माना हलवल्या. न समजलेल्या गोष्टीला माणसं हलवतात तशा.

निघताना त्याच्या आईने दारात माझा हात धरला. "बाई, तुम्ही मघाशी काय म्हणाल्या ते मला कळलं नाही. तो घड्या घालायचा? घरात तर त्याने जन्मात एका चादरीची घडी केली नाही."

मागे कोणीतरी हसलं, मग आम्ही दोघी हसलो, आणि मग दोघींनाही हसणं आवरेना आणि रडणंही. मी त्यांना म्हटलं, निवांत एकदा सांगेन. ते अजून सांगून झालेलं नाही. या अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा वाटलं की आधी इथेच सांगावं. मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं, तेही सावकाश.

आमची कंपनी पिंपळे गुरवला एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. कंपनी म्हणजे चार टेबलं आणि एक पंखा. गिरणी सुरू झाली की टेबलं थरथरायची आणि संध्याकाळी कीबोर्डावर बारीक पीठ साचलेलं असायचं. मी मूळची ग्रंथालयातली. ज्या कारखान्याच्या ग्रंथालयात मी होते ते ग्रंथालय बंद झालं, आणि पुस्तकं लावता येणारी बाई आपल्याला उपयोगी पडेल असं इथल्या मालकांना का कोण जाणे वाटलं. माझं काम, आमचं सॉफ्टवेअर कारखान्यांत जाऊन लोकांना शिकवायचं आणि त्याचं माहितीपुस्तक मराठीत लिहायचं. सॉफ्टवेअर लिहायचा मिलिंद.

ते काय करायचं? आकृती काढायचं. एक चौकोन काढा, त्यात लिहा 'पाइप कापणे'. शेजारी दुसरा, 'पाइप वाकवणे'. पहिल्याकडून दुसऱ्याकडे माल जातो म्हणून मध्ये एक रेष. झाली आकृती. पण चाकणच्या एखाद्या कारखान्यातली प्रत्येक यंत्र, प्रत्येक टेबल, प्रत्येक मांडणी अशी काढत गेलं, की थोड्या वेळात पडद्यावर गाडीवरच्या नूडल्स सांडल्यासारखं दिसू लागतं. मग उपाय असा, की जवळच्या चौकोनांचा एक गट करायचा आणि त्याभोवती एक मोठा डबा आखायचा. डब्याच्या कोपऱ्यात वजाचं चिन्ह असतं. ते दाबलं की डबा मिटतो, आतलं सगळं दिसेनासं होतं आणि फक्त नाव उरतं. चिन्हही बदलून अधिकचं होतं. ते दाबलं की डबा पुन्हा उघडतो. डब्यात डबा, त्यातही डबा चालतो. आपल्या स्वयंपाकघरात कपाटात मिसळणाचा डबा असतो आणि डब्यात वाट्या असतात. कपाट लावलं की मोहरी दिसत नाही, पण असते.

हे सांगायला सोपं आहे. अवघड होत्या त्या रेषा. डबा मिटला की आतून बाहेर जाणाऱ्या सगळ्या रेषा त्या एका डब्याला येऊन चिकटतात. उघडला की प्रत्येक रेष आपापल्या चौकोनाकडे परत गेली पाहिजे. मिलिंद म्हणायचा, "मॅडम, घडी कोणीही घालतं. मोडल्यावर सगळं जागच्या जागी सापडायला पाहिजे." तेवढ्यासाठी तो दिवसचे दिवस पडद्याकडे बघत बसायचा. त्याच्या आईला हे आता कळलं असेल अशी आशा आहे.

लोकांना मात्र कळायला वेळ लागे. भोसरीच्या एका कारखान्यात एक सुपरवायझर होते. सगळं लक्ष देऊन ऐकलं, गट केला, नाव दिलं, आणि वजाचं चिन्ह दाबायची वेळ आल्यावर हात मागे घेतला.

"मॅडम, आत्ता नको. जॉब चालू आहे."

"मग काय झालं?"

"वजा केलं आणि मशीन बंद पडली, तर शिफ्टचं प्रॉडक्शन कोण भरून देणार?"

मी परोपरीने सांगितलं की हे चित्र आहे. ते म्हणाले, "ते खरं आहे, पण रिस्क कशाला?" शेवटी मिलिंदने त्यांचा एक माणूस मोबाइल देऊन यंत्रापाशी उभा केला. इकडे सुपरवायझरांनी डोळे बारीक करून वजा दाबलं. पडद्यावरची यंत्रं गेली.

"चालू आहे का रे?" ते फोनवर ओरडले.

"चालूच हाय की! का, काय झालं?"

"काही नाही, काही नाही. बघत राहा." आणि मग त्यांनी दुपारभर वजा-अधिक, वजा-अधिक केलं.

देहूकडचे एक गृहस्थ तर कारखान्याचे नव्हतेच. त्यांना आपल्या घराण्याची वंशावळ आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हवी होती. काढून दिली. मग ते म्हणाले, चुलतभावाच्या शाखेची घडी घाला. घातली. "आता ते अधिकचं चिन्ह काढून टाका. ती घडी उघडायची नाही." बांधावरून काहीतरी झालं होतं. मिलिंद त्यांना म्हणाला, "काका, बंद ठेवा खुशाल. पण चिन्ह असू द्या. ते काढायची सोय मी केलेलीच नाही." काका रागावून गेले. पुढे एकदा त्यांचा फोन आला, ती घडी उघडायची कशी? चुलतभावाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिकेत नावं घालायची होती.

पण मिलिंदची आठवण आली की मला पहिल्यांदा आठवतो तो चाकणचा आठवडा.

तिथे गाड्यांच्या सीटच्या लोखंडी फ्रेम बनवणारा एक कारखाना होता. त्यांच्या ग्राहक कंपनीला नव्या गाडीसाठी फ्रेम हव्या होत्या. ते काम इथे द्यायचं की दुसऱ्या कारखान्याला, हे ठरवायला ग्राहक कंपनीचे पाहुणे शुक्रवारी सकाळी येणार होते. काम मिळालं तर वेल्डिंगची नवी लाइन बसणार होती, नाही मिळालं तर जुनं कामही कमी होत चाललेलं असल्याने सेकंड शिफ्ट बंद होणार होती. पाहुण्यांपैकी जे मुख्य होते त्यांना सगळा कारखाना एका पडद्यावर बघायची सवय होती. पूर्वी कुठेतरी त्यांच्यासमोर भिंतभर कागद पसरला तेव्हा ते चहाही न घेता उठले, असं चाकणमध्ये बोललं जाई. म्हणून तिथले प्लँट हेड सबनीस साहेब यांनी आम्हाला बोलावलं होतं.

प्रॉडक्शनचे प्रमुख शिंदे. परभणीकडचे, अंगाने दणकट, आवाजाने त्याहून. ते पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, चित्र चांगलं काढा बरं का. सेकंड शिफ्टला वेल्डिंगवर सगळी माझ्या गावाकडची पोरं आहेत. मीच बोलावून आणलंय त्यांना. शिफ्ट गेली तर मला गावात तोंड दाखवता यायचं नाही."

क्वालिटीच्या प्रमुख वैद्य मॅडम. किरकोळ बांध्याच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि मालाच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सूट न देणाऱ्या. शिंदे आणि त्या एकमेकांशी बोलत नव्हते. का, ते कोणाला नक्की आठवत नव्हतं. निरोप मेंटेनन्सच्या तापकीर मामांमार्फत जात. मामा जवळच्याच गावचे. ते निरोपात आपल्या पदरची भर घालत.

सोमवारी शिंद्यांनी आकृती पुरी केली आणि घरी गेले. मंगळवारी वैद्य मॅडमनी ती उघडली आणि थेट सबनीसांच्या केबिनमध्ये आल्या.

"सर, माझं डिपार्टमेंट प्रॉडक्शनच्या पोटात आहे."

"पोटात म्हणजे?"

"तुम्हीच बघा. प्रॉडक्शन नावाचा डबा, आणि त्याच्या आत एका कोपऱ्यात क्वालिटी. डबा मिटला की मी गायब!"

शिंद्यांचं म्हणणं असं, की तपासणीची टेबलं माझ्या यंत्रांच्या मधेच आहेत, मग ती माझ्या डब्यात नाही तर काय रस्त्यावर काढू? मॅडमचं म्हणणं असं, की यांच्या प्रत्येक फ्रेमवर माझी सही झाल्याशिवाय ती गेटबाहेर जात नाही, म्हणजे हेच माझ्या अखत्यारीत आहेत. त्यांनी त्याच संध्याकाळी क्वालिटीचा मोठा डबा आखला आणि प्रॉडक्शन उचलून त्याच्या आत ठेवलं. बुधवारी सकाळी शिंद्यांनी ते पुन्हा उलटं केलं. दुपारी मॅडमनी.

मला यात नवल वाटलं नाही. ग्रंथालयात एका पुस्तकाला एकच जागा मिळते, आणि जागा ठरली की कोणीतरी दुखावतंच. पण पुस्तकं रात्रीतून उठून एकमेकांना आपल्या कपाटात ओढत नाहीत.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत दोघांनाही एकाच वेळी हुक्की आली. शिंदे आपल्या संगणकावर, मॅडम आपल्या. सकाळी मिलिंदने दोघांना समजावून दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले होते. आता शिंद्यांनी क्वालिटी प्रॉडक्शनमध्ये टाकलं आणि त्याच क्षणी मॅडमनी प्रॉडक्शन क्वालिटीत. दोघांनी जतन केलं आणि समाधानाने जेवायला गेले.

सबनीस साहेबांनी पाहुण्यांसाठी एकदा नजर टाकावी म्हणून आकृती उघडली. पडद्यावर तीन चौकोन होते. फाटक, कॅन्टीन आणि भंगार.

आम्हा सगळ्यांना बोलावणं गेलं. तापकीर मामा पंखा दुरुस्त करायला शिडीवर होते, त्यांनी वरूनच पाहिलं.

"साहेब, कंपनी गेली का काय?"

मामांनी शिडीवरूनच बोटाने चौकोन मोजले.

"फाटक हाय, कॅन्टीन हाय, भंगार हाय. चालंल की. आमचं समदं काम भंगारातच असतंय. निम्म्या लोकांना फरक न्हाई पडायचा."

"मामा, खाली उतरा," सबनीस म्हणाले. ते मिलिंदकडे वळले. "आमचा कारखाना कुठे आहे?"

मिलिंद खुर्चीत बसला, थोडा वेळ काहीतरी तपासलं, आणि त्याला हसू यायला लागलं. ते दाबायचा प्रयत्न करत तो म्हणाला, "सर, सगळं आत आहे. काही गेलेलं नाही. हे यांच्या पोटात आहेत आणि हे यांच्या. पडद्यावर आधी कोणाच्याच पोटात नसलेले डबे दाखवायचे, असं मी लिहिलंय. बाहेर दोघांपैकी कोणीच उरलं नाही, मग दाखवणार काय?"

"असं होऊ दिलंच कसं तुमच्या सॉफ्टवेअरने?"

"एका माणसाने केलं असतं तर अडवलं असतं. पण दोघांनी एकाच वेळी केलं, आणि आपापल्या संगणकावर दोघांचंही बरोबर होतं. एवढं जोरात भांडण माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, सर."

"मग काढा बाहेर."

"काढतो. पण काढून कोणाला कुठे ठेवू?"

"कालची प्रत असेल ना?" वैद्य मॅडम म्हणाल्या. "कालचीच आणा."

"सोमवारची आणा," शिंदे भिंतीकडे बघत म्हणाले.

सबनीसांनी कपाळाला हात लावला. सकाळी पाहुणे येणार, आणि दाखवायला फाटक, कॅन्टीन आणि भंगार. शिंद्यांचा आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला. "मॅडम," ते मला म्हणाले, "काहीतरी करा हो. त्या पोरांनी खोल्या भाड्याने घेतल्यात."

मिलिंद मला म्हणाला, "चला, एक चक्कर मारू." तो अडला की चालायला जायचा. आम्ही पाइपच्या मांडणीपासून निघालो. दसरा नुकताच होऊन गेला होता. खंडेनवमीच्या पूजेचे झेंडूचे हार प्रत्येक यंत्रावर वाळून लटकत होते, हळद-कुंकवाची बोटं दिसत होती. कापायच्या यंत्रावर हार, शेजारच्या तपासणीच्या टेबलावर हार, तिथल्या मापाच्या पट्टीला कुंकू, मग वाकवायचं यंत्र, मग पुन्हा टेबल. मी थांबले. मिलिंदही थांबला होता.

आम्ही परत आलो. मिलिंदने विचारलं, "पूजेचं ताट कोणी फिरवलं?"

"मीच की," शिंदे म्हणाले. "दरवर्षी प्रॉडक्शन हेड फिरवतो."

"आणि हळद-कुंकू?"

"ते मी लावते," वैद्य मॅडम म्हणाल्या. "दरवर्षी क्वालिटी हेड."

"बोलत नसताना?"

"पूजेला बोलायला कशाला लागतं?"

"मग पहिल्यांदा सगळं प्रॉडक्शन केलं आणि मग सगळी क्वालिटी, असं केलं का?"

"असं कसं करू?" शिंदे म्हणाले. "पाइपच्या रॅकपासून सुरू केलं आणि पॅकिंगला नारळ फोडला. मी पुढे, ह्या मागून."

"मागून नाही," मॅडम म्हणाल्या. "बरोबर."

मिलिंद हसला. "पूजेचं मला काही कळत नाही. आमच्या घरी नसते. पण रस्ता बरोबर आहे."

सेकंड शिफ्टची माणसं आत येईपर्यंत त्याने दोन्ही मोठे डबे मोडून टाकले होते. मालाच्या वाटेने नवे डबे केले. कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, पेंटिंग, पॅकिंग. प्रत्येकाच्या आत यंत्रंही होती आणि तपासणीची टेबलंही. मिटले की पाच डबे आणि त्यांच्यामधल्या रेषा, स्वच्छ. मी नावं लिहिली. मला ते एखाद्या नीट लावलेल्या कपाटासारखं वाटलं.

दोघांना बोलावून दाखवलं. दोघंही पडद्यापाशी वाकले.

"यात प्रॉडक्शन कुठे आहे?" शिंदे म्हणाले.

"आणि क्वालिटी?" मॅडम म्हणाल्या.

"सगळीकडे," मिलिंद म्हणाला.

"म्हणजे माझं डिपार्टमेंटच नाही!"

"माझं तरी कुठे आहे, शिंदे साहेब? दोघांचंही पुसून टाकलंय यांनी."

"चला मॅडम, आपण दोघं जाऊन सबनीस साहेबांना सांगू. ही काय पद्धत झाली?"

ते तरातरा केबिनकडे निघाले, एकमेकांशी बोलत. तापकीर मामा शिडी खांद्यावर घेऊन उभे होते. ते खिन्नपणे म्हणाले, "घ्या. आता माझं काम गेलं."

सबनीस साहेबांनी दोघांचं सगळं ऐकून घेतलं आणि उद्या हेच दाखवायचं म्हणून सांगितलं.

शुक्रवारी पाहुणे आले. मुख्य पाहुणे कमी बोलणारे, पिकल्या केसांचे गृहस्थ. त्यांनी पाच डबे पाहिले, खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःच वेल्डिंगचं अधिकचं चिन्ह दाबलं. डबा उघडला. सगळ्या रेषा आपापल्या जागी गेल्या. माझ्या शेजारी मिलिंदने रोखून धरलेला श्वास सोडला.

"यंत्रही इथेच आणि तपासणीही इथेच," पाहुणे म्हणाले. "मग खराब जोड निघाला तर लाइन कोण थांबवतं?"

"मी," शिंदे म्हणाले.

"मी सांगते तेव्हा," वैद्य मॅडम म्हणाल्या.

पाहुणे उठले. "चला, बघू."

आम्ही सगळे वेल्डिंगला गेलो. लाइन झकास चालली होती. शिंद्यांनी सेकंड शिफ्टची आपली पोरं सकाळीच बोलावली होती आणि त्यांना नवे हातमोजेसुद्धा घातले होते. वैद्य मॅडमनी टेबलावरची एक फ्रेम उचलली, चष्मा लावला, जोडावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांचा चेहरा मला आता ओळखता येत होता.

"शिंदे साहेब, थांबवा."

शिंदे त्यांच्या जवळ गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आज?"

"आज."

"पाहुण्यांसमोर?"

"जोड कच्चा आहे."

शिंद्यांनी एकदा पोरांकडे पाहिलं. मग हात लांब करून बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि शेड एकदम शांत झाली. पाहुण्यांनी ती फ्रेम हातात घेतली, अंगठा फिरवला आणि खाली ठेवली. जाताना चहा घेतला, पण त्यावरून काही ठरवता येईना.

फाटकापाशी शिंदे आम्हाला सोडायला आले. "गेली बघा लाइन," ते म्हणाले. "दहा महिन्यांत दिवा लागला नव्हता, आजच लागायचा होता." मग म्हणाले, "पण बाई म्हणाली ते खरं होतं. मीही बघितला जोड. कच्चाच होता."

नंतर काही दिवस काहीच कळलं नाही. सबनीस साहेब फोन उचलत नव्हते. मिलिंदने तेवढ्यात आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोघांच्या संगणकांची एकत्र तपासणी होईल अशी व्यवस्था केली, आणि कोणी असा उलटसुलट प्रकार केला तर पडद्यावर दाखवायचं वाक्य मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'हा गट त्याच्याच आतल्या गटात ठेवता येणार नाही.' मिलिंदने वाचलं आणि म्हणाला, "शेवटी 'कृपया भांडू नका' घाला." मी घातलं नाही. आता वाटतं, घालायला हवं होतं.

एका सकाळी गिरणी नुकतीच सुरू झाली होती आणि टेबलावरचा फोन वाजला. मिलिंदने उचलला. गिरणीच्या आवाजातही पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. वैद्य मॅडम होत्या.

"मिलिंद, हे काय चाललंय? नव्या वेल्डिंगच्या डब्यात शिंद्यांनी माझं टेबल पार कोपऱ्यात काढलंय! पाहुण्यांनी स्वतः सांगितलंय की नव्या लाइनवर टेबल मध्यभागी पाहिजे, आणि हे..."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. शिंदे होते. "मॅडम, त्या बाईंना समजवा. टेबल मधे घेतलं तर माझ्या पोरांनी उभं कुठे राहायचं?"

मिलिंदने रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या भुवयांवर पीठ होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "लाइन आली."

मग त्याने खुर्ची ओढली, आरामात बसला आणि फोन कानाला लावला. "हो मॅडम, ऐकतोय. बोला. अगदी सावकाश, पहिल्यापासून बोला."